करंजबंदरच्या गरवणाऱ्यांची निर्दोष सुटका

२०३९ सालच्या दिवाळीनंतर किनारा मंडळाच्या अहवालाने सिद्ध केलं, की करंजबंदरच्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, बसून हौसेखातर गळाने मासे गरवणारी चाळीस माणसं अरबी समुद्र रिकामा करत आहेत.

चाळीस माणसं म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर, दोन शिक्षक, एक सुतार, एक दातांचा डॉक्टर, ज्याच्याकडे लोक दात सोडून बाकी सगळ्या गोष्टींसाठी येत, आणि असेच इतर. या सगळ्यांचे म्होरके जयवंत हातिसकर. जयवंतराव नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात होते. सबंध नोकरीत त्यांनी गावाला एक दिवसाआड पाणी दिलं. निवृत्त झाल्यावर एवढं पाणी रोजच्या रोज समोर दिसायला लागलं, आणि ते तिथून उठायलाच तयार होईनात. सकाळी भरतीच्या सुमाराला बांबूची काठी, तंगुसाची दोरी, शिशाचे गोळे आणि डबाभर कोलंबीचं आमिष घेऊन ते खडपावर जात आणि दुपारी पिशवीत मासे घेऊन घरी येत.

असा अहवाल वाचून दुसऱ्या कुणाला शरम वाटली असती. गरवणाऱ्यांनी नाक्यावर फलक लावला. 'ट्रॉलरलाही मागे टाकणारे आमचे वीर' असं वर लिहिलेलं, आणि खाली चाळीस जणांचे काळ्या चष्म्यातले फोटो. दातांच्या डॉक्टरांनी तोंड मिटून घेतलं होतं.

फलकावर न छापलेली गोष्ट एवढीच, की अहवालाच्या शेवटच्या पानावर शिफारस होती: खडपावर गरवण्यास पाच वर्षं पूर्ण बंदी. जनसुनावणी दोन महिन्यांनी. आणि अहवाल लिहिणारी सर्वेक्षण अधिकारी होती कृत्तिका जयवंत हातिसकर. म्हणजे म्होरक्यांची मुलगी. ती त्यांच्याच घरात राहत होती आणि त्यांनी आणलेले मासे खात होती.

*

कृत्तिकाने हा आकडा काही हवेतून काढला नव्हता. हौशी माणसं किती मासे धरतात हे मोजणं जगभर अवघड मानलं जातं. होडीतली मासळी बंदरात उतरते, तिथे काटा लावता येतो. खडपावरचा माणूस कुठूनही येतो, कुठेही बसतो, कुठूनही जातो. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या. किती माणसं किती तास बसली, आणि बसलेल्याला तासाला किती मासे लागले. दोन्हींचा गुणाकार म्हणजे अंदाज. शाळेतल्या पोराला जमेल असा हा हिशेब आहे, फक्त त्यातला कुठलाच आकडा कुणी देत नाही.

पहिल्या वर्षी ती खडपावर फिरून विचारत गेली. या पद्धतीत मुळातच एक खोट असते. फिरणाऱ्याला जास्त वेळ बसणारेच जास्त भेटतात, आणि जास्त वेळ तोच बसतो ज्याला काही लागलेलं नसतं. पण करंजबंदरला गाडी खोटीपर्यंत पोचलीच नाही. पाण्यात गरी, म्हणजे गळ, असताना 'लागला का?' असं विचारणं म्हणजे टोकणं. टोकलं की मासा गेला. त्यामुळे तिने तोंड उघडायच्या आत माणसं हाताने 'पुढे हो' अशी खूण करत. फारच गळ घातली तर उत्तर एकच: "आत्ताच आलोय." पोस्टमास्तर हे वाक्य डबा खाऊन, तिथेच डुलकी काढून उठल्यावरही म्हणत.

दुसऱ्या वर्षी ती खडपाच्या वाटेवर तोंडाशीच बसली. येणारा-जाणारा तिथूनच जाणार आणि पिशवी दिसणार, असा विचार. येताना सगळे तिथूनच आले. जाताना एकही आला नाही. चाळीस माणसं रोज दुपारी बर्फाच्या कारखान्यामागून, काट्याकुट्यातून, कुंपण ओलांडून घरी का जातात, हे तिला कळेना. तिने अहवालात 'स्थानिक भूगोल' असं लिहून विषय संपवला.

तिसऱ्या वर्षी तिने बायकांना विचारलं. बायका टोकण्याबिकण्याला भीत नाहीत. रोज संध्याकाळी फोनवर प्रश्न जायचा, आज घरी किती मासे आले, आणि बायका जातवार, नगावर, किलोवर उत्तरं द्यायच्या. उत्तरं इतकी चोख यायची, की कृत्तिकाला या पद्धतीवर परदेशात भाषण द्यायला बोलावणं आलं. करंजबंदर हे नमुना गाव, त्यामुळे इथला आकडा सबंध किनाऱ्याला गुणला गेला. गुणाकार बाहेर आला तेव्हा मंडळाचे अध्यक्ष पुंडेसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. समुद्रातली मासळी का घटते आहे, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

*

आणि नेमक्या त्याच महिन्यात किनारकान बसला.

समुद्राखालून परदेशी जाणारी इंटरनेटची केबल करंजबंदरच्या खडपातूनच पाण्यात उतरते. केबलीच्या पोटात केसाएवढे काचेचे तंतू असतात. त्यातल्या एका रिकाम्या तंतूत प्रकाशाची एक ठिणगी सोडायची. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म खोटी असतात, आणि प्रत्येक खोटीवर आपटून थोडासा प्रकाश माघारी येतो. वरचा खडक हलला की तंतू ताणला जातो, अगदी कल्पना करता येणार नाही इतका कमी, पण माघारी येणारा प्रकाश तेवढ्याने बदलतो. म्हणजे केबलीचा प्रत्येक हातभर तुकडा कान होतो. नवीन काहीच पुरावं लागत नाही. एका टोकाला पेटी जोडली की सबंध किनारा ऐकायला लागतो.

ऐकलेलं ओळखायला पेटीला शिकवावं लागलं, आणि ती भराभर शिकली. शिशाचा गोळा तळाला टेकला की एक आवाज, काठी खडकात रोवली की दुसरा, धरलेला मासा खडपावर फडफडला की तिसरा. फडफडीवरून वजनही सांगायची. आठवड्याभरात तिला खेकड्याची चाल आणि पोस्टमास्तरांचं घोरणं यातला फरक कळायला लागला, जो फरक पोस्टमास्तरांच्या घरात कुणाला कळत नसे.

महिन्याचा पहिला निकाल आला. मेहनत: भरपूर. माणसं ठरल्या वेळी येत होती, तासन्‌तास बसत होती, गरी टाकत होती, काढत होती, पुन्हा टाकत होती. मासळी: नऊ.

"नऊ काय?" कृत्तिकाने पेटीलाच विचारलं. "किलो? टोपल्या?"

नऊ मासे. चाळीस माणसांनी, महिनाभरात.

किनारकान बहिरा आहे, यात तिला शंका राहिली नाही. यंत्र तपासायची रीत सरळ होती. एक मासा घ्यायचा, खडपावर आपटायचा, आणि पेटी काय म्हणते ते बघायचं. मासा आणायला ती जवळच्या जवळ म्हणून बर्फाच्या कारखान्यामागे गेली. तिथे हेमा तांडेल टोपली मांडून बसायची. इतक्या आडबाजूला ही बाई का बसते, हा प्रश्न कृत्तिकाला लहानपणापासून पडायचा आणि ती तो लगेच विसरायची.

"हेमामावशी, एक मासा दे. किलोभराचा."

हेमाने वर न बघता तांबोशी उचलली. "साधा देऊ की ओठाला भोक पाडून?"

"भोक कशाला?"

तेव्हा हेमाने वर बघितलं. गिऱ्हाईक कोण आहे हे लक्षात आल्यावर तिने तांबोशी हळूच टोपलीत परत ठेवली आणि फडक्याने झाकली, जणू मासाच काहीतरी बोलून जाईल.

"कशाला म्हणजे," ती म्हणाली. "हवा खेळायला."

"मावशी."

"बाय माझे, मी काय केलं नाही. मी आपली मासे विकते. आता कोणाला गरीला लागल्यासारखा मासा हवा असला, तर मी काय नाही म्हणू? ओठाला भोक, कल्ल्याशी थोडं रक्त, आणि शेपटीला वाळू. डॉक्टरांना वाळू जास्त लागते."

"कोणकोण येतं?"

"तो फलक लागलाय ना नाक्यावर?" हेमा म्हणाली. "तो वरून खाली वाच."

*

कृत्तिकाचं डोकं एवढंही चाललं नसतं तर मंडळाने तिला ठेवलं कशाला असतं. हेमाचे मासे होडीतून बंदरात उतरत, तिथे काट्यावर चढत आणि मोजले जात. तेच मासे कुंपण ओलांडून घरी जात, आणि बायका ते पुन्हा मोजत. एकेक मासा दोनदा मेला होता. समुद्र जितका रिकामा दिसत होता, त्यातला मोठा भाग म्हणजे करंजबंदरच्या पुरुषांची अब्रू होती.

घरी आई, म्हणजे उज्ज्वलाबाई, कोलंबी सोलत बसली होती. कृत्तिका शेजारी टेकली. ही बातमी आईला कशी सांगायची, याची तिने वाटेत तीन सुरुवाती केल्या होत्या.

"आई, पपा जे मासे आणतात ना."

"हेमाकडचे?"

कृत्तिकाच्या तिन्ही सुरुवाती तिथेच संपल्या. उज्ज्वलाबाईंनी कोलंबीचा दोरा काढून टाकला.

"तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. तेव्हा रविवारी जायचे. एकदा सुरमई घेऊन आले. तुकड्या होत्या. एकसारख्या कापलेल्या."

"मग?"

"मी म्हटलं, गरीला तुकड्या लागल्या वाटतं. तर म्हणाले, मोठी होती म्हणून तिथेच कापली. नंतर पापलेट आणायला लागले. पापलेट कधी गरीला येतं का? पण मी काही बोलले नाही."

"का?"

आईने हातातली कोलंबी खाली ठेवली. "हे बघ, माणूस सकाळी उठून बाहेर जातो. चार तास कुणाशी भांडत नाही. येताना बाजार करून येतो, आणि तोही ताजा. एवढा चांगला नवरा गावात दुसरा कुणाचा आहे सांग. म्हणजे, तसले चाळीस आहेत. पण त्यांच्या बायकाही गप्पच आहेत ना."

"पण मी रोज विचारत होते, किती मासे आले."

"आले तेवढे सांगितले. कुठून आले ते तू विचारलंस?"

परदेशातल्या भाषणाच्या मसुद्यातही हा प्रश्न नव्हता.

"खडप बंद होणार आहे," कृत्तिका म्हणाली. "पाच वर्षं."

"म्हणजे हे कुठे जाणार?"

"घरी असतील."

"दिवसभर?" उज्ज्वलाबाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. निवृत्तीच्या पहिल्या आठवड्यात, भरती दुपारची होती म्हणून, जयवंतराव सकाळी घरी राहिले होते. तेवढ्यात त्यांनी डाळींचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले होते.

*

दुसऱ्या दिवशी ती खडपावर गेली. पपा नेहमीच्या जागी बसले होते. तंगूस पाण्यात होता, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्याला वाटावं, खालून मासेच यांना बघायला येत असतील.

"पपा, मला सगळं कळलंय."

"हळू बोल. गरी पाण्यात आहे."

ती शेजारी बसली. 

"शेवटचा कधी लागला होता?"

जयवंतरावांनी आजूबाजूला बघितलं. जवळचा माणूस म्हणजे पोस्टमास्तर, आणि ते झोपले होते.

"मागच्या शिमग्याला," ते म्हणाले. "छोटा होता. सोडून दिला."

"मी सुनावणीत खरं सांगितलं तर बंदी येणार नाही."

"आणि फलक?"

"फलक उतरेल."

"मग बंदी येऊ दे." ते शांतपणे म्हणाले. "बंदी आली तर लोक काय म्हणतील? हातिसकरांना थांबवायला सरकार लागलं. आणि तू खरं सांगितलंस तर? हातिसकर निवृत्तीनंतर रोज काठी घेऊन हेमाकडे जायचे. कुठलं बरं?"

"खडप बरं," कृत्तिका म्हणाली. "तुम्ही पाच वर्षं घरात बसणार? तुम्हाला येतं?"

 त्यांच्या हाताची मूठ काठीवर जरा घट्ट झाली. माणसाने घरची भिंत धरावी तशी त्यांनी ती काठी धरली होती, आणि ते बघून कृत्तिकाचं ठरलं. वाईट एवढंच वाटलं, की ठरलं ते त्यांच्यासाठी, आणि करायचं होतं ते त्यांच्याविरुद्ध.

*

जनसुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. एका बाजूला चाळीस गरवणारे, इस्त्रीच्या कपड्यांत, सत्काराला आल्यासारखे. दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायका. मागे दाराशी हेमा. मंचावर पुंडेसाहेब.

पुंडेसाहेब मूळचे भंडाऱ्याचे. तलावांच्या जिल्ह्यात वाढल्यामुळे मासा हा प्राणी गरीला लागतोच, अशी त्यांची श्रद्धा होती. कृत्तिकाने किनारकानाचा निकाल वाचून दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

"चाळीस माणसं, महिनाभर, आणि नऊ मासे. बाई, तुमचं यंत्र बिघडलंय."

"यंत्र तपासलंय साहेब. बिघडलाय तो माझा आधीचा आकडा. घरी आलेले मासे मी खडपावरचे धरले."

"मग घरी आलेले मासे आले कुठून?" साहेब पुढे झुकले. "बाकीच्यांचं राहू द्या. तुमच्याच घरचं सांगा."

 कृत्तिकाने पपांकडे बघितलं. पपा पंख्याकडे बघत होते.

"बाजारातून," ती म्हणाली.

पहिल्या रांगेतल्या चाळीस माना एकदम वळल्या. जयवंतरावांनी पंख्यावरून नजर काढून मुलीवर आणली, आणि ती नजर अशी होती, की तिला वाटलं, नऊच्या जागी नव्वद म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं.

मग उज्ज्वलाबाई उभ्या राहिल्या. "बरोबर आहे. आमच्या ह्यांना मासा धरता येत नाही."

"आमच्यांनाही नाही," पोस्टमास्तरीणबाई उठल्या.

"आमचे तर गरीला आमिष लावताना बोटच अडकवून घेतात." ही सुतारांची बायको.

एकेक करून सगळ्या उठल्या. चाळीस बायका ताठ मानेने उभ्या राहून आपापल्या नवऱ्याच्या नाकर्तेपणाची ग्वाही देत होत्या, आणि त्यांच्या आवाजात असा अभिमान होता, की परगावच्या माणसाला वाटलं असतं, सगळ्यांची मुलं बोर्डात आली आहेत. शेवटी मागून हेमा म्हणाली, "साहेब, ही माझी रोजची गिऱ्हाइकं आहेत. यांना तोडू नका."

आता जयवंतराव उठले. कानापर्यंत लाल झाले होते.

"साफ खोटं आहे," ते म्हणाले. "उद्याच्या भरतीला या सगळे. आम्ही दाखवतो मासा कसा धरतात."

"पपा," कृत्तिका कळवळून म्हणाली, "तुम्ही जिंकलात तर खडप जाईल."

"जाऊ दे. पण जिंकून जाईल."

पुंडेसाहेबांना हे आवडलं. "ठीक. उद्या मी स्वतः येतो. गरी मी तपासणार, आमिष मी तपासणार. बायकांचा आकडा खरा असेल तर चाळीस गऱ्यांना एका भरतीत टोपल्या भरल्या पाहिजेत. बाई, तुमचं यंत्र काय म्हणतं?"

कृत्तिकाने महिन्याच्या नऊ माशांचा मनात भागाकार केला. "एक," ती म्हणाली. "तोही लागला तर."

*

सकाळी सगळं गाव खडपावर आलं. इतक्या लोकांच्या पावलांनी किनारकानाला आधी भूकंप वाटला, मग त्यानेच विचार बदलला.

पुंडेसाहेबांनी प्रत्येक गरी बोटाने तपासली, आणि दोनदा टोचून घेतली. आमिष म्हणून ताजी कोलंबी मंडळातर्फे वाटली. मग चाळीस शिशाचे गोळे एकापाठोपाठ एक पाण्यात पडले.

असं गरवणं करंजबंदरने कधी पाहिलं नव्हतं. पोस्टमास्तर जागे होते. डॉक्टर दातओठ खात होते, म्हणजे ओठ. सुतार दर थोड्या वेळाने जागा बदलत होते आणि जुन्या जागेला शिव्या देत होते. एकेक माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरंच मासा धरायचा प्रयत्न करत होता. वर बायका देवाला हात जोडून उभ्या होत्या, की आमच्या नवऱ्याला यश देऊ नकोस. दोन्हीकडच्या प्रार्थना एकाच देवाकडे जात असल्याने त्याची पंचाईत झाली असणार.

भरती चढली. भरती थांबली. पाणी उतरायला लागलं. एकही काठी वाकली नाही.

बायकांचे चेहरे खुलले. कृत्तिकाचा मात्र उतरत चालला. पुंडेसाहेब तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"बाई, आमच्या तलावात पोरंटोरं काडीला दोरा बांधून बसली तरी घंटाभरात काही ना काही लागतं. इथे चाळीस माणसं, ताजी कोलंबी, सबंध अरबी समुद्र, आणि शून्य. शून्य हा आकडा नव्हे. शून्य हा कट आहे. ही बापलेकीची मिलीभगत दिसते."

"साहेब, पपा माझ्याशी कालपासून बोलत नाहीयेत."

"असं दाखवताहेत. ओहोटी संपेपर्यंत थांबतो. मग जुनाच आकडा कायम."

ती काही बोलणार, एवढ्यात खडपाच्या टोकाला जयवंतरावांची काठी वाकली.

वाकली म्हणजे पाण्याला नमस्कार केल्यासारखी वाकली. जयवंतराव आधी काठीकडे, मग पाण्याकडे आणि मग मागे वळून बघायला लागले, जणू ही काठी कुणाची आहे असं विचारायचं असावं. तंगूस सुसाट सुटत होता.

"सोडा," वरून उज्ज्वलाबाई ओरडल्या. "अहो, सोडा त्याला." एकोणचाळीस बायकांनी सूर धरला. सोडा, सोडा. एक मासा आला की खटला हरला, एवढं त्यांना कळत होतं.

आकडेवारी फक्त कृत्तिकाला कळत होती. ती खडपावरून उड्या मारत धावत सुटली. "पपा, ओढा. ओढा त्याला."

जयवंतरावांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा मुलीकडे. कालपासून ते तिच्याशी बोलले नव्हते. आता बोलले.

"कसं ओढतात गं?"

"मला काय माहीत? मी फक्त मोजते."

ती त्यांच्या मागे उभी राहिली आणि तिने त्यांची कंबर धरली. तिच्या मागे सुतार आले, सुतारांच्या मागे डॉक्टर. मासा एका बाजूला ओढत होता, करंजबंदरची सगळी अब्रू दुसऱ्या बाजूला. दोनदा तंगूस ढिला पडला आणि दोनदा सगळ्यांना वाटलं, गेला. तिसऱ्या वेळी एक लाट फुटली आणि तिच्यातून एक भलामोठा शिंगाळा, मिशा, काटे आणि सगळ्या रागासकट, खडपावर येऊन पडला आणि फडफडायला लागला.

कृत्तिकाच्या हातातला फोन वाजला. किनारकानाने सांगितलं: एक. वजन सव्वादोन किलो.

पुंडेसाहेबांनी काटा मागवला. काट्यानेही सव्वादोनच सांगितलं. तरी त्यांचा चेहरा पुरता सैल झाला नव्हता. ते जयवंतरावांकडे बघत होते.

जयवंतराव मासा काढायचा प्रयत्न करत होते. आधी त्यांनी शेपटी धरली, मग सोडली. टोपी टाकून बघितली, टोपी उडाली. शिंगाळ्याला तीन विषारी काटे असतात, आणि त्यातला एकही कुठे असतो हे जयवंतरावांना माहीत नव्हतं. गरी कुठून काढायची हे डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, तोंड उघडायला सांगा. पोस्टमास्तरांनी मागून सुचवलं, आपण याला थोडा वेळ देऊ या. चाळीस वीर शिंगाळ्याभोवती गोल करून उभे राहिले, आणि तो ज्याच्याकडे तोंड करी, तो माणूस मागे सरे.

शेवटी हेमा गर्दीतून पुढे आली. ओल्या फडक्याने माशाचं डोकं दाबलं, मनगट फिरवलं, गरी बाहेर.

पुंडेसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "पुरे," ते म्हणाले. "मला आकडा नको. ह्या माणसांनी आयुष्यात मासा धरलेला नाही, हे आंधळ्यालाही दिसेल." मग ते कृत्तिकाकडे वळले. "आणि एक लागला म्हणजे कुणी अंग चोरलं नाही, हेही सिद्ध झालं. तुमचा एक बरोबर आला, बाई. बंदी रद्द. जुना अहवाल मागे घ्या. आणि दोनदा मेलेले मासे समुद्राला परत करा, निदान कागदावर तरी."

खडपावर जो गलका झाला, त्याची नोंद किनारकानाने 'वादळ' अशी केली. बायकांनी नवऱ्यांना मिठ्या मारल्या नाहीत, कारण करंजबंदरला ती पद्धत नाही, पण चाळीस पदर डोळ्यांना लागले. नवरे नालायक निघाल्याचा आनंद एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुठल्याही गावाने कधी साजरा केला नसेल. सुतारांनी जयवंतरावांना खांद्यावर घेतलं. जयवंतरावांनी शिंगाळ्याला घेतलं, हेमाने गुंडाळून दिलेल्या फडक्यासकट, तान्ह्या पोराला घ्यावं तसं.

"पपा," कृत्तिका खालून म्हणाली, "फलक उतरवावा लागेल."

"उतरव," जयवंतराव वरून म्हणाले. "नवा लाव. एकच फोटो. चष्मा नको."

दुपारी हातिसकरांच्या घरी शिंगाळ्याचं कालवण झालं. कालवण बघायला आधी शेजारी आले, मग आळी आली. पोस्टमास्तर आणि डॉक्टर जोडीने आले. पुंडेसाहेबही जाता जाता चाखून जातो म्हणून आले आणि भातापर्यंत बसले. जयवंतराव स्वतः वाढत होते. प्रत्येकाच्या ताटात तुकडा टाकून ते तिथेच उभे राहत आणि चेहरा बघत.

"जरा चिवट आहे हो," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

"असणारच," जयवंतराव म्हणाले. "लढलाय तो."

शेवटी ते पानावर बसले तेव्हा पातेल्यात तुकडा उरला नव्हता. त्यांच्या वाट्याला नुसता रस्सा आला. तो त्यांनी तीनदा मागून घेतला.